आय७ म्हणून घ्यावा का? रिफर्बिश्ड लॅपटॉपचा प्रोसेसर निवडताना

गुहागर तालुक्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलीला रत्नागिरीत बी.एस्सी. आयटीला प्रवेश मिळालाय, ती होस्टेलवर राहणार आहे आणि तिच्यासाठी पंचवीस हजारांच्या आसपास रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला आणि तपासून-दुरुस्त करून विकायला ठेवलेला, लॅपटॉप घ्यायचा आहे. समोर तीन मशीन आहेत. पहिलं चिपळूणच्या दुकानातलं : सहाव्या जनरेशनचा कोअर आय७-६६००यू, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (साठवणीची डिस्क), किंमत १८,५००. दुसरं त्याच दुकानातलं : थिंकपॅड टी४८०, कोअर आय५-८३५०यू, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, २१,०००, आणि दोन्हींवर दुकानाची सहा महिन्यांची वॉरंटी. तिसरं मुंबईचा पुतण्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारातून आणून देणार आहे : थिंकपॅड टी१४, रायझेन ५ प्रो ४६५०यू, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, २७,०००, वॉरंटी फक्त आठवड्याची. दुकानदार म्हणतो, “आय७ तो आय७. शिवाय रॅम दुप्पट, आणि स्पीड बघा, याचा २.६, त्या आय५चा १.७.” पुतण्या रायझेन घ्या म्हणतो. ओळखीचे एक सर सांगतात, रायझेन हा एएमडी कंपनीचा, आणि एएमडी गरम होतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. तर घ्यायचा कुठला?

मी रत्नागिरीत लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, आणि कंपन्यांतून निघालेली मशीन तपासून विकतोही. तुमच्या तीनपैकी एकही मशीन मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, त्यामुळे मशीनच्या प्रकृतीबद्दल जे बोलेन ते ‘तपासून घ्या’ या स्वरूपाचंच असेल. प्रोसेसरबद्दल मात्र इथूनही ठामपणे सांगता येतं. पहिलं मशीन घेऊ नका. स्वस्त वाटलं तरी नको, १६ जीबी रॅम असली तरी नको. खरी निवड दुसऱ्या आणि तिसऱ्यात आहे, आणि ती कशावर ठरते ते जरा सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या तिन्ही लॅपटॉपमध्ये प्रोसेसर मदरबोर्डला सोल्डर केलेला असतो. तो काढून दुसरा बसवता येत नाही. रॅमची पट्टी वाढवता येते, एसएसडी बदलता येतो, बॅटरी, कीबोर्ड, फॅन, अगदी स्क्रीनसुद्धा बदलता येते. प्रोसेसर मात्र घेताना जो घेतला तो शेवटपर्यंत. म्हणून दुकानात तुलना करताना प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा : हे मला नंतर वाढवता येईल का? येत असेल तर त्यासाठी आज चुकीचा प्रोसेसर पत्करायचा नाही. पहिल्या मशीनची १६ जीबी रॅम आणि ५१२चा एसएसडी या दोन्ही नंतर विकत घेता येणाऱ्या गोष्टी आहेत. आय५-८३५०यू ही नंतर विकत घेता येणारी गोष्ट नाही.

आता त्या आय७ बद्दल. आय३, आय५, आय७ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची नावं एकाच जनरेशनमधली, म्हणजे पिढीतली, पायरी सांगतात. वेगवेगळ्या जनरेशनच्या दोन मशीनमध्ये त्यांवरून तुलना होत नाही. खरी माहिती पुढच्या आकड्यात आहे. ६६००यू मधला पहिला ६ म्हणजे सहावी जनरेशन, ८३५०यू मधला ८ म्हणजे आठवी. सहावी २०१५ची, आठवी २०१७ची. फक्त दोन वर्षांचा फरक, पण नेमक्या याच दोन वर्षांत लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये मोठी उडी पडली. त्याआधी कित्येक वर्षं इंटेलचे ‘यू’वाले प्रोसेसर, म्हणजे हलक्या लॅपटॉपमधले १५ वॅटचे, दोनच कोअरचे होते (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला प्रत्यक्ष काम करणारा भाग). आय५ घ्या नाहीतर आय७ घ्या, कोअर दोनच. आय५-६३००यू आणि आय७-६६००यू यांच्यातला फरक म्हणजे थोडासा जास्त वेग आणि तीनऐवजी चार एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी मेमरी), बस. सातव्या जनरेशनचा आय७-७६००यूसुद्धा दोनच कोअरचा. आठव्या जनरेशनमध्ये त्याच १५ वॅटमध्ये चार कोअर आणि आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारे कामाचे धागे) आले. त्यामुळे आठव्या जनरेशनचा साधा आय५ सहाव्या-सातव्या जनरेशनच्या यूवाल्या आय७ला कामात सरळ मागे टाकतो.

मग त्या २.६ आणि १.७ चं काय? दुकानदार खोटं बोलत नाहीये, दोन्ही आकडे कंपनीचेच आहेत. पण ते बेस स्पीड आहेत, म्हणजे सगळे कोअर एकदम राबत असताना ठरलेल्या १५ वॅटमध्ये किमान किती वेग टिकेल याचा आकडा. चार कोअरना तेवढ्याच वॅटमध्ये भागवायचं असल्याने प्रत्येकाचा बेस कमी दिसतो. गरज पडली की ८३५०यू ३.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, ६६००यू ३.४ वरच थांबतो. म्हणजे एकेका कोअरचा वेगही आठव्यात कमी नाही आणि कोअर दुप्पट. आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला दोन चपळ गडी आहेत की तितकेच चपळ चार, असा हा प्रश्न आहे. एकच पेटी भरायची असेल तर फरक कळणार नाही. मुलगी एका बाजूला ब्राउझरमध्ये पंधरा टॅब, दुसरीकडे कोडचा एडिटर, मागे डेटाबेस आणि शिवाय विंडोजचा अपडेट असं सगळं एकदम चालवेल तेव्हा कळेल.

पहिलं मशीन बाद करण्याचं दुसरं कारण याहून साधं आहे. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच चालतं, खालच्यांत अपवाद अगदी मोजके आणि हा प्रोसेसर त्यांत नाही. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानात तुम्हाला त्या सहाव्या जनरेशनवर विंडोज ११ चालताना दाखवतील आणि ते खरोखर चालत असेलही, कारण तपासणी चुकवून ते टाकता येतं. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. दर मोठ्या अपडेटला कुणीतरी हाताने खटपट करायची आणि होस्टेलवर ती मुलीनेच करायची. कॉलेजचं परीक्षेचं सॉफ्टवेअर, प्रोजेक्टची सबमिशन या दिवसांत ही डोकेदुखी नको. ज्यांना लिनक्सची सवय आहे त्यांच्यासाठी सहाव्या जनरेशनचं मशीन अजूनही चांगलं काम देतं, लिनक्स मिंट त्यावर व्यवस्थित चालतं. होमस्टेचं बुकिंग, बिलं, ईमेल एवढ्यासाठी मी स्वतः अशी मशीन लोकांना लावून दिली आहेत. तीन वर्षं आयटी शिकणाऱ्या मुलीचं एकमेव मशीन म्हणून मात्र नाही.

इथे एक सावधगिरी. ‘आठवी जनरेशन’ एवढंच ऐकून खूश होऊ नका. आय३-८१३०यू आठव्या जनरेशनचाच आहे, पण दोन कोअरचा. आकड्याच्या शेवटी ‘वाय’ असलेले प्रोसेसर अगदी पातळ, बिनफॅनच्या मशीनमधले असतात, उदाहरणार्थ आय५-८२००वाय, तेही दोनच कोअरचे. शिवाय एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळे प्रोसेसर आलेले असतात. मॉडेल दिसायला नवं, आत सातवी जनरेशन, असं मी पुष्कळदा पाहिलंय. वर चिकटवलेल्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका, स्टिकर बाजारात सुटे मिळतात. मशीन चालू करा, टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा. तिथे प्रोसेसरचं पूर्ण नाव येतं आणि खाली कोअर किती, लॉजिकल प्रोसेसर (म्हणजे थ्रेड) किती हेही येतं. टी४८० मध्ये ४ आणि ८ दिसायला हवेत, टी१४ मध्ये ६ आणि १२.

सरांनी एएमडीबद्दल जे सांगितलं ते एके काळी खरं होतं. २०१७ पूर्वीचे एएमडीचे लॅपटॉप प्रोसेसर, ए-सिरीजवाले, तापायचे आणि हळूही होते. त्या काळात ज्यांनी हात पोळून घेतले त्यांच्या मनात ते बसलंय, आणि त्यात त्यांचा दोष नाही. २०१७ मध्ये रायझेन आला आणि लॅपटॉपमध्ये खरा बदल २०२०च्या ४०००च्या मालिकेने केला. ४६५०यू सात नॅनोमीटरवर बनलेला आहे (हा आकडा जितका लहान तितकी चिपची बनावट नवी), सहा कोअर, बारा थ्रेड, आणि वॅट तेवढेच, पंधरा. माझ्याकडे येणाऱ्या टी१४ची तक्रार तापण्याची नसते. असलीच तर ती वाळलेल्या थर्मल पेस्टची (प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवणाऱ्या लेपाची) किंवा कोंडलेल्या फॅनची असते, आणि ती इंटेलवाल्यांचीही तितकीच असते.

रायझेनच्या आकड्यांत मात्र इंटेलपेक्षा जास्त फसगत आहे. ३५००यू चार कोअरचा, जुन्या १२ नॅनोमीटरचा. विंडोज ११ त्यावर चालतं, पण ४६५०यूशी त्याची तुलना नाही. ३२५०यू तर दोनच कोअरचा. ५५००यू आणि ५६००यू पाठोपाठचे वाटतात, पण ५५००यूची आतली रचना ४०००च्या मालिकेचीच आहे, ५६००यूची तिच्या पुढची. ‘प्रो’ लिहिलेलं असेल तर ते कंपन्यांच्या सुरक्षा आणि देखरेखीच्या सोयींसाठी असतं, इंटेलच्या ‘व्हीप्रो’सारखं. मुलीला त्याचा फायदा नाही, तोटाही नाही. त्यासाठी जास्त पैसे मात्र देऊ नका.

आता दुसरं की तिसरं? हे तिच्या अभ्यासावर ठरतं. विषय कॉलेजप्रमाणे आणि निवडीप्रमाणे बदलतात, म्हणून अभ्यासक्रमाचा कागद मागवून बघा. पहिल्या वर्षी साधारण सी, पायथन, वेब पेज, डेटाबेस असं असतं. त्या सगळ्याला टी४८० पुरून उरतो. खरं तर या कामांत दोन्ही मशीन शेजारी ठेवली तर मलाही लगेच ओळखता येणार नाही. व्हिडिओ लेक्चर दोन्हींवर सारखीच चालतील. फरक पुढे पडतो. मोबाइल ॲप बनवायला अँड्रॉइड स्टुडिओ लागतो, आणि तो तयार करणारे स्वतःच किमान ८ जीबी रॅम मागतात; संगणकावरच खोटा फोन, म्हणजे एम्युलेटर, चालवायचा तर किमान १६ जीबी. त्यात एम्युलेटर चालू असेल आणि त्याच वेळी ॲप बिल्ड होत असेल तर चार कोअर घायकुतीला येतात, सहा कोअर बरेच निभावून नेतात. नेटवर्किंग किंवा सायबर सिक्युरिटीच्या वाटेने गेली तर व्हर्च्युअल मशीन लागतील, म्हणजे एका लॅपटॉपच्या पोटात दुसरा लॅपटॉप. तिथेही जास्त कोअर आणि जास्त रॅम दोन्ही कामाला येतात. उलट ती वेब किंवा डेटाकडे वळली तर टी४८० तीन वर्षं सुखाने काढेल.

रॅमचं गणित यात घालायलाच हवं, कारण २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत. त्यामुळे दुकानदाराचा १६ जीबीचा मुद्दा वर्षभरापूर्वी जितका पोकळ ठरला असता तितका आज नाही. यावर एक साधा मार्ग आहे. टी४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत आणि त्यात डीडीआर४ प्रकारची रॅम लागते. पहिल्या मशीनची रॅमही डीडीआर४ असेल (सहाव्या जनरेशनमध्ये डीडीआर३ही येत असे, म्हणून विचारा), तर दुकानदाराला सरळ सांगा की दोन्ही मशीनच्या रॅम आपसांत बदलून द्या, वरचा फरक देतो. त्याला हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे. त्याचा तो आय७ घेणारा गिऱ्हाईक ८ जीबीवर भागवणारा असेल तर त्याचंही नुकसान नाही. माझ्याकडे लोक असं मागतात आणि मी करून देतो. टी१४ मध्ये काही रॅम बोर्डलाच सोल्डर असते आणि वर एक स्लॉट. तुमच्या मशीनचे ८ जीबी सोल्डर असतील आणि स्लॉट रिकामा असेल, तर पुढच्या वर्षी ८ची पट्टी घालून १६ होतील. पण स्लॉट खरंच रिकामा आणि चालू आहे ना, हे पुतण्याला तिथेच पाहायला सांगा. रॅम दोन्हीकडे सारखी झाली, म्हणजे ८ आणि ८, की ग्राफिक्सचाही वेग वाढतो, कारण या मशीनमध्ये ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसते, ते याच रॅममधून घेतं. रायझेनमध्ये हा फरक जास्त जाणवतो.

नव्या लॅपटॉपबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पंचवीस हजार म्हटल्यावर कुणीतरी सेलेरॉनवाला नवा, डबाबंद लॅपटॉप सुचवणारच. सेलेरॉन एन४०२० किंवा एन४५०० दोन कोअरचे आहेत, आणि पुष्कळ मशीनमध्ये एसएसडीऐवजी बोर्डला सोल्डर केलेलं ईएमएमसी, म्हणजे त्याहून हळू चालणारी साठवण, असतं. वॉरंटी पक्की, मशीन कच्चं. तिच्या कामाला नको.

एवढं प्रोसेसरचं झालं. पण आपण कोकणात राहतो, आणि कागदावरचा प्रोसेसर इथल्या हवेत तसाच वागेल असं धरून चालता येत नाही.

इथे धूळ नुसती धूळ राहत नाही. पावसाळ्यात ओल आणि खारी हवा मिळून हीटसिंकच्या (उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या भागाच्या) बारीक पट्ट्यांवर नमद्यासारखा थर बसतो. फॅन फिरत असतो, वारा बाहेर पडत नसतो. त्यात कंपनीत चार-पाच वर्षं चाललेल्या मशीनची थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते. मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि सहा कोअरचं मशीन दोन कोअरसारखं चालतं. म्हणून मशीन घेताना पाच मिनिटं ब्राउझर उघडून समाधान मानू नका. चार्जर लावा, मोठा व्हिडिओ आणि जोडीला एखादी तपासणीची चाचणी, उदाहरणार्थ सिनेबेंच, पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि टास्क मॅनेजरमधला स्पीड बघत राहा. टी४८० मध्ये तो १.७ गिगाहर्ट्झच्या खाली टिकून राहत असेल, किंवा टी१४ मध्ये २.१च्या खाली, तर कूलिंगमध्ये किंवा चार्जरमध्ये दोष आहे. चार्जर डुप्लिकेट असला आणि मशीनने तो ओळखला नाही तर काही लॅपटॉप मुद्दाम वेग एकदम खाली आणतात, म्हणून आधी चार्जर बदलून पाहा. दोष कूलिंगचा निघाला तर पेस्ट बदलून आणि फॅन साफ करून द्या, मगच घेतो, असं सांगायचं. हे काम फार खर्चाचं नाही आणि रिफर्बिश्ड म्हणून विकणाऱ्याने ते केलेलंच असायला हवं.

चिपळूणचं मशीन असल्याने अजून एक गोष्ट सांगतो, त्या दुकानावर संशय म्हणून नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात घराघरात, दुकानादुकानात पाणी शिरलं. त्या पाण्यातून निघून वाळवलेलं मशीन आजही कधीतरी माझ्या टेबलावर येतं. सुरुवातीला चालतं, मग एका पावसाळ्यात बोर्ड जातो. रबरी पायांच्या खाली, बिजागरीच्या फटीत, व्हेंटच्या जाळीत बारीक सुका चिखल आहे का बघा. यूएसबी आणि एचडीएमआयच्या तोंडात टॉर्च मारा, हिरवट किंवा तांबूस थर दिसला तर ते मशीन तिथेच ठेवा. समुद्राजवळच्या घरातून आलेल्या मशीनचीही हीच तपासणी.

तिसरी गोष्ट लाईटची. जून लागला की आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि तौक्ते वादळाच्या वेळी किती दिवस अंधारात काढले ते तुम्हाला सांगायला नको. इथे टी४८० ची एक जमेची बाजू आहे : त्यात दोन बॅटऱ्या असतात. एक आत, २४ वॉट-अवरची, आणि एक मागे बाहेरून लागणारी, २४ पासून ७२ वॉट-अवरपर्यंतची. बाहेरची बॅटरी मशीन बंद न करता काढून दुसरी लावता येते. टी१४ची ५० वॉट-अवरची बॅटरी आतच असते. पण जुन्या बॅटरीत उरलंय किती हे महत्त्वाचं. विंडोजमध्ये पॉवरसीएफजीची बॅटरीरिपोर्ट कमांड (powercfg /batteryreport) चालवली की एक पान तयार होतं, त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता हे दोन आकडे शेजारीशेजारी मिळतात. आताचा आकडा मूळच्या साठ-सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वळते करून घ्या. याच कारणासाठी कुणी आकड्याच्या शेवटी ‘एच’ किंवा ‘एचक्यू’ असलेला प्रोसेसर दाखवला तर नाही म्हणा. ते ४५ वॅटचे असतात. ताकद आहे, पण बॅटरी खातात, तापतात, वजनाला जड, आणि होस्टेल ते कॉलेज रोज पाठीवर तिलाच न्यायचंय.

आता वॉरंटी, कारण सगळ्यात अवघड भाग हाच आहे. प्रोसेसर पाहिला तर टी१४ नि:संशय सरस आहे. तीन वर्षांचा कोर्स, पुढे कदाचित आणखी दोन वर्षांचं शिक्षण, आणि प्रोसेसर नंतर बदलता येत नाही, म्हणून सहा हजार जास्त घालणं मला पटतं. पण आठवड्याची वॉरंटी आणि दुकान मुंबईत, याचा अर्थ महिन्याभराने बोर्ड गेला तर सत्तावीस हजार गेले. टी४८० बिघडला तर गुहागरहून सकाळी निघून दुपारपर्यंत चिपळूणच्या दुकानदारासमोर मशीन ठेवता येतं. ही सोय पैशात मोजली पाहिजे.

म्हणून पुतण्याला लगेच हो म्हणू नका. आधी चिपळूणच्याच दुकानदाराला विचारा, “४६५०यूचा टी१४ मागवून द्याल का, सहा महिन्यांच्या वॉरंटीवर?” आपल्याकडच्या दुकानांचा बराचसा माल मुंबईच्याच घाऊक बाजारातून येतो. त्याने हजार-दीड हजार जास्त लावले तरी मी तेच घेईन. त्याच भावात कोअर आय५-११३५जी७ किंवा ११४५जी७ मिळाला तर तोही चालेल. ती अकराव्या जनरेशनची मशीन, कोअर चारच, पण एकेका कोअरचा वेग आणि ग्राफिक्स दोन्ही चांगले. जर दुकानदार मागवून देऊ शकत नसेल, किंवा सत्तावीस हजार म्हणजे तुम्हाला कुणाकडून उसने घ्यावे लागणार असतील, तर टी४८० घ्या, रॅम बदलून १६ जीबी करून घ्या, आणि मनात खंत ठेवू नका. चांगल्या स्थितीतला, वॉरंटीतला टी४८० हा दुरुस्तीला सोपा लॅपटॉप आहे, त्याचे सुटे भाग रत्नागिरीतही मिळतात. पुतण्याकडूनच घ्यायचं ठरलं तर एकच अट : मशीन आल्यापासून त्या आठवड्यात ते रोज चार-पाच तास जोरात चालवायचं, खोक्यात गणपतीपर्यंत राखून ठेवायचं नाही.

कुठलंही घेतलंत तरी पैसे देण्याआधी दोन कुलपं तपासा. एक, बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रामला, पासवर्ड आहे का. मशीन चालू होताना बायोस उघडून बघा, पासवर्ड मागितला तर ते मशीन नको, कारण तो काढणं अनेकदा बोर्डाशी खेळणं ठरतं. दुसरं, विंडोज रीसेट करून इंटरनेट जोडा. कुठल्यातरी कंपनीचं नाव आलं आणि त्या कंपनीचा ईमेल मागू लागलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या यादीत आहे. आज बायपास करून दिलं तरी पुढच्या रीसेटला ते पुन्हा उगवेल. हे घरी नेल्यावर कळून उपयोग नाही, दुकानात वायफाय नसेल तर स्वतःच्या मोबाइलचं हॉटस्पॉट लावा.

आणि बिलावर ‘लॅपटॉप १ नग’ असं लिहून घेऊ नका. मशीनचा सिरियल नंबर, प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती आणि किती पट्ट्यांत, एसएसडी किती, वॉरंटी किती महिन्यांची आणि त्यात बोर्ड धरलाय की नाही, एवढं लिहून शिक्का मारून घ्या. दुकानात गेलात की टास्क मॅनेजरच्या त्या पानाचा आणि बॅटरी रिपोर्टचा फोटो काढून मला पाठवा, पैसे देण्याआधी मी बघून सांगतो.